रोळलेली वाळू

दुसऱ्या महायुद्धाचा निकाल ज्या काही गोष्टींनी लावला, त्यांत मावळातल्या एका ओढ्याच्या वाळूचा समावेश झाला पाहिजे, असे माझे पूर्ण विचारांती बनलेले मत आहे. इतिहासकारांनी तो अजून केलेला नाही. ओढ्याला नाव नाही, हे त्याचे एक कारण असेल. होळीनंतर त्यात पाणीही नसते, हे दुसरे.

मळवली स्टेशनापासून मैलभर आत, भातखाचरांच्या कडेला आमचा कारखाना होता. मी तिथे केमिस्ट होतो. त्याआधी तीन वर्षे तळेगावला शाळेत शास्त्र शिकवीत असे, म्हणून मालकांपासून हमालापर्यंत सगळे मला मास्तरच म्हणत. पुण्याचे नातेवाईक विचारीत, "कारखान्यात काय करता?" मी म्हणे, "काच." "म्हणजे बांगड्या?" "नाही." "बरण्या?" "नाही. पातळ काच. पाण्यात विरघळणारी." एवढ्यावर ते माझ्या प्रकृतीची चौकशी करीत.

पण ती असते. शास्त्रात तिला सोडियम सिलिकेट म्हणतात. पांढरी स्वच्छ वाळू आणि कोरडा सोडा एकत्र करून भट्टीत घालायचे. भट्टी तापून लालची पिवळी आणि पिवळीची पांढुरकी झाली की दोन्ही वितळतात, बराच वेळ रटरटतात आणि मग शांत होतात. तो रस लोखंडी ताटांत ओतला की खडीसाखरेसारखे खडे होतात. हे खडे बंद बॉयलरमध्ये पाणी आणि वाफ देऊन शिजवले, की तयार होते ती पातळ काच. आमचे भट्टीवाले मिस्त्री, वराळ्याचे गेनूभाऊ, तिला 'काचेची काकवी' म्हणत. रसायनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात याहून चांगले वर्णन मला सापडलेले नाही.

ही काकवी साबणवाले घेत, कारण ती घातली की साबण वजनाला भरतो. पुठ्ठ्याची खोकी करणारे घेत, कारण ती पुठ्ठ्याला जन्मभर धरून ठेवते. एकदा एक नाटक मंडळी आली. पडद्यांना आग लागू नये म्हणून ही काकवी फासतात, असे त्यांच्या व्यवस्थापकाने कुठे तरी वाचले होते. ते खरेही आहे. मात्र ती किती पातळ करून लावायची, हे त्याने वाचले नव्हते, आणि मला विचारायला त्याला वेळ नव्हता. लोणावळ्याच्या प्रयोगात राजवाड्याचा पडदा वर जाताना पापडासारखा कडकडत मोडला आणि मागे विडी ओढत उभे असलेले महाराज रसिकांना दिसले. पडद्याला आग मात्र लागली नाही. आम्ही मालाची हमी तेवढीच दिली होती.

आता वाळूकडे वळतो. इंद्रायणीत वाळू आहे, मग कारखान्याला वाळू रेल्वेने का आणावी लागते, असे प्रत्येक पाहुणा विचारी. आमच्याकडचे डोंगर काळ्या दगडाचे. त्यांची झीज होऊन जी वाळू नदीत येते तीही काळी. तिच्यात लोखंड फार, आणि काचेला लागणारी गार, म्हणजे गारगोटीचा कण, फार थोडी. तिची काच केली तर ती बाटलीच्या बुडासारखी काळपट होते आणि पाण्यात धड विरघळतही नाही. म्हणून आमची पांढरी वाळू उत्तरेकडून वॅगनीने येई. युद्ध सुरू झाले तशा वॅगनी कमी होत गेल्या, आणि एका वर्षी दिवाळीनंतर त्या अजिबातच थांबल्या. वॅगनी लष्कराला हव्या होत्या. वाळू लष्कराला नको होती. तिसऱ्या बाजूला आम्ही होतो.

ज्यांनी काचेची भट्टी पाहिलेली नाही त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती चूल नव्हे. सकाळी पेटवली, संध्याकाळी विझवली, असे तिचे नसते. पेटवल्यावर ती वर्षानुवर्षे चालते. आत काच असताना ती निवली, तर काच गोठते, आवळते आणि भट्टीच्या विटांना फोडून टाकते. त्या विटा वेगळ्या असतात. त्या परदेशातून येत, आणि युद्धात त्या येणे शक्य नव्हते. तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न एवढाच होता: भट्टी जिवंत ठेवायची की नाही. ती गेली असती तर कारखाना गेला असता आणि आसपासच्या गावांतली चाळीस माणसे घरी बसली असती. त्यांत मीही होतो, पण मला निदान शाळा होती.

मालक दादासाहेब पुण्याहून आले, भट्टीकडे पाहून उसासा टाकला आणि म्हणाले, "ईश्वरेच्छा."

गेनूभाऊ पाठ फिरवून विस्तव ढोसत होते. ते म्हणाले, "ईश्वराला हिकडं कशाला वढताय, दादासायेब? वाळू पायजे, वाळू."

"कुठून आणायची?"

"वरच्या ठाकरवाडीत कदी भात खाल्लाय का? दातात पांढरी कच येती. नदीची कच काळी. त्यांच्या वड्याची पांढरी. म्या तितं एक दाढ घालवलीया."

दुसऱ्या दिवशी मी आणि गेनूभाऊ डोंगर चढून गेलो. त्यांचे म्हणणे खरे होते. ओढ्याच्या वरच्या कातळात पोकळ्या होत्या, पोकळ्यांत गारगोट्या होत्या आणि त्या झिजून ओढ्यात येत होत्या. वाळूत निम्मे कण पांढरे होते. बाकी निम्मे काळे. मी उकिडवा बसून हातावर ते निवडायला लागलो. या वेगाने भट्टीचा एक घाणा भरायला किती वर्षे लागतील याचा हिशेब मी करीत होतो, तेवढ्यात मागे एक म्हातारी येऊन उभी राहिली. ती भागीमावशी. पुढची पाच वर्षे मी तिच्या हाताखाली काम केले असे म्हटले तर चूक होणार नाही.

"काय हारीवलं जनू मास्तरांचं?"

"हरवलं नाही, मावशी. पांढरी वाळू हवी. काळी नको."

"मंग असं येक येक काय टिपताय? कोंबडी हाय का काय तुमी? रोळा की."

रोळणे म्हणजे काय हे ज्यांच्या घरी गिरणीतला पॉलिश केलेला तांदूळ येतो त्यांना सांगावे लागेल. तांदूळ पाण्यात घालून भांडे हलक्या हाताने फिरवत कलते करायचे. हलके ते वर येऊन पाण्याबरोबर पुढे जाते, जड ते बुडाला राहते. तांदूळ पुढे जातो, खडा मागे. भागीमावशीने लाकडी काठवट आणली, दोन ओंजळी वाळू घातली, ओढ्यात बसून मनगटाला चार झोके दिले, आणि काठवटीच्या ओठावरून पांढरी वाळू टोपलीत उतरली. काळी मागे राहिली. गार काळ्या दगडापेक्षा हलकी असते, हे मी शाळेत तीन वर्षे शिकवले होते.

आठवड्याभरात ओढ्यावर वीस बायका बसल्या. वाळू वाळवून डोंगर उतरून येऊ लागली. राहिलेला लोखंडाचा अंश आम्ही चुंबकाने काढला. पहिला घाणा भट्टीत घातला तेव्हा दादासाहेबांनी नारळ फोडला. पाऊण तासाने भट्टीच्या दारातून फेस आला. दूध उतू जावे तसा पांढरा फेस दारावरून खाली उतरला आणि गेनूभाऊंच्या फावड्याचा दांडा जाळून गेला.

"मास्तर," गेनूभाऊ लांबून ओरडले, "ही काच हाय का खीर?"

घाणा फुकट गेला. मी उरलेली वाळू भिंगाखाली पाहिली. तिच्यात बारीक, मोत्यासारखे चकाकणारे खडे होते, आणि ते वाळूत चुकून येतील त्याहून पुष्कळच जास्त होते. भागीमावशीला बोलावले. ती अजिबात न लाजता म्हणाली, "ते आमीच घातलं. पोरींनी वरच्या कपारीतनं येचून आनलं. तुमची काच चकाकती व्हावी म्हनून चांगलं चांगलं घातलं. वाईट घालू का?"

हे चकाकणारे खडे दिसायला गारगोटीपेक्षा सुंदर, पण जात वेगळी. त्यांच्या पोटात पाणी असते. तापले की ते फुगतात, फसफसतात आणि सगळा रस नासवतात. हे मी कॉलेजात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे मार्कही मिळवले होते. फक्त ओढ्यात ते मला ओळखता आले नाहीत.

"मावशी, हे यातून काढायचे कसे? हे जड नाहीत. रोळून जायचे नाहीत."

मावशीने वाळूतले चार खडे चुलीवरच्या तव्यावर टाकले. दोन गारेचे, ते नुसतेच तापले. दोन पांढरे फटक पडले, फुगले आणि बोटाने दाबल्यावर त्यांचे पीठ झाले. मावशी हसायला लागली. "ह्येच्या तर लाह्या व्हत्यात. मंग भाजायचं न् पाखडायचं. त्यात काय?"

त्यात खरोखरच काही नव्हते. आम्ही भट्टीच्या मागच्या वाया जाणाऱ्या आचेवर लोखंडी पत्रे टाकले, वाळू भाजली, चोळली, आणि बायकांनी ती सुपांत घेऊन पाखडली. पीठ उडून गेले. गार राहिली. दुसरा घाणा शांतपणे वितळला. काचेला किंचित हिरवी छटा होती, पण बॉयलरमध्ये ती विरघळली, निवळली आणि घनता बरोबर भरली. गेनूभाऊंनी बोट बुडवून दोन बोटांत ताणून पाहिली. त्यांची पावती मला कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा मोलाची वाटे. "काकवी झाली," ते म्हणाले.

पण नुसती काकवी होऊन भागत नव्हते. कोळसा आणि सोडा सरकारी परवान्यावर मिळत, आणि परवाना हवा तर युद्धाला उपयोगी माल करतो असे सिद्ध करावे लागे. ते तपासायला एक साहेब येणार असल्याचे पत्र आले. सोबत फॉर्म होता. त्यात 'वाळू कोठून मिळते' असा एक रकाना होता आणि 'शुद्धीकरणाची पद्धत' असा दुसरा.

दादासाहेबांनी मला खोलीत बोलावले आणि दार लावले. "मास्तर, साहेब येतील त्या दिवशी बायकांना सुट्टी द्या. आणि या रकान्यात लिहा, उत्तरेकडील वाळू."

"ती येत नाही."

"पूर्वी येतच होती की."

"पूर्वी आपण शाळेतही जात होतो, दादासाहेब. आता जातो असं लिहायचं का?"

"विनोद नको. सुपं आणि काठवटी बघून तो माणूस काय म्हणेल? हा कारखाना आहे का भाताचं खळं?"

"दोन्ही आहे. आणि कागदावर उत्तरेची वाळू लिहिली, तर उद्या परवाना तिच्यावरच मिळेल. मग ठाकरवाडीची वाळू भट्टीत घालणं हा गुन्हा ठरेल. मी तसं लिहिणार नाही."

"मग सही दुसरा कोणी करील."

"जरूर करू दे. फक्त वाळू किती भाजायची ते त्याला आधी विचारून घ्या."

दादासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कारखाना हा कारखान्यासारखा दिसायला हवा होता. फॉर्म माझ्याकडेच राहिला. मी लिहिले: वाळू, ठाकरवाडीचा ओढा. पद्धत: रोळणे, भाजणे, पाखडणे. बायकांना सुट्टी दिली नाही. उलट गेनूभाऊंकडून निरोप धाडला की त्या दिवशी कारखान्यातच येऊन रोळा.

साहेब लोणावळ्याच्या एका बंगल्यात उतरले होते. मोटारीतून आले ते हॅट, छत्री आणि शिपाई घेऊन. तसे ते आपल्याकडचेच, पण तीन वर्षे इंग्लंडात राहून आले होते आणि दर तीन मिनिटांनी तसे सांगत. त्यांनी भट्टी पाहिली, बॉयलर पाहिला, मान डोलावली. मग मागच्या अंगणात आले. तिथे वीस बायका, वीस काठवटी आणि पत्र्यांवर भाजणारी वाळू होती. साहेब थांबले.

"धिस इज प्रिमिटिव्ह," ते म्हणाले.

"काय म्हनत्यात?" भागीमावशीने मान वर न करता मला विचारले.

"म्हणतात, फार जुनी पद्धत आहे."

"जुनी तर हायेच. माजी आजी रोळायची. का वं सायेब, तुमची आजी न्हवती का रोळत? का तुमच्यात खड्यासकट खात्यात?"

शिपायाला खोकला आला आणि तो बराच वेळ गेला नाही. साहेबांनी फॉर्म उघडला. "ही कसली प्रोसेस? कुठल्याही हँडबुकात अशी प्रोसेस नाही."

"आज सकाळी बंगल्यावर भात जेवलात, साहेब?"

"त्याचा काय संबंध?"

"खडा लागला?"

"नाही."

"मग प्रोसेस आहे."

ते हसले नाहीत. आता विचार केला की वाटते, मी जरा कमी बोललो असतो तर पुढचा महिना सोपा गेला असता. पण बोललो याचे वाईट वाटत नाही. साहेबांनी काकवीची एक बाटली भरून लाख लावून बंद केली आणि सांगितले की मालाचा अहवाल येईपर्यंत कोळसा मिळणार नाही. त्याला चार-सहा आठवडे लागतील. तोवर भट्टी शांत ठेवावी.

"ही भट्टी शांत झाली की कायमचीच होते," मी म्हणालो.

"ते तुमच्या मॅनेजमेंटने आधी पाहायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मोटार गेली.

कोळसा नऊ दिवसांचा होता. दादासाहेबांनी पुन्हा ईश्वराचे नाव घ्यायला तोंड उघडले, पण भट्टीपुढे बसलेले गेनूभाऊ आधी बोलले. ते म्हणाले, "वितळवायची न्हाई, निसती जिती ठिवायची. त्याला कोळसा कशाला? कामशेतच्या गिरण्यांमागं भाताच्या तुसाचं डोंगार पडल्यात. फुकट हाय, फकस्त न्यायची ताकत पायजे."

तूस भुरकन पेटते आणि भुरकन संपते. पाटी टाकली की दुसरी तयार हवी. बैलगाड्या कामशेतहून तूस आणीत आणि आम्ही पाळ्या लावून पाट्या ओतीत होतो. भागीमावशीच्या बायकांनी न सांगता एक पाळी उचलली. गेनूभाऊंच्या भुवया जळाल्या, मिशीची एक बाजू गेली, आणि दुसरी त्यांनी शोभा जाऊ नये म्हणून स्वतः कापली. मी अहवालासाठी एकही विनंतीपत्र पाठवले नाही. दादासाहेबांनी पाठवली, तीन. चौथ्या आठवड्यात ते स्वतः आले, कोट काढला, दोन पाट्या टाकल्या, खूप खोकले आणि फोटोग्राफर आणायला माणूस पाठवला. भट्टीच्या पोटात मंद लाल उजेड होता. तो गेला नाही.

पाचव्या आठवड्यात पत्र आले. माल सर्व कसोट्यांना उतरला होता. कोळसा आणि सोडा मंजूर. पत्रात आमच्या पद्धतीला 'स्थानिक वाळूचे त्रिस्तरीय शुद्धीकरण' असे नाव दिले होते आणि ते साहेबांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झाल्याचे म्हटले होते. मी तो मजकूर भागीमावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "कोन ह्यो? त्यो छत्रीवाला? त्याला काठवट तरी धरता येती का?" आणि पुढे रोळत राहिली.

पत्रासोबत पहिली मागणीही होती, वीस पिंपांची. 'युद्धकार्यास अत्यंत निकडीचे. उपयोग गोपनीय.' दादासाहेबांनी मांडव घालून भाषण केले. आपली काच विमानांत जाणार, असे ते म्हणाले. गेनूभाऊंचे मत तोफांकडे होते. हार साहेबांच्या तसबिरीला घातला, कारण साहेब येऊ शकले नव्हते. भागीमावशीचे नाव भाषणात यावे, असे मी आदल्या दिवशी दादासाहेबांना सांगितले होते. 'ठाकरवाडीच्या भगिनी' एवढे आले.

युद्ध संपले. वॅगनी मोकळ्या झाल्या आणि उत्तरेची वाळू पुन्हा येऊ लागली. तिला रोळायला लागत नव्हते. दादासाहेबांनी एका शनिवारी बायकांना सांगितले की सोमवारपासून येऊ नका. फॉर्मच्या वेळी एवढा ताठ उभा राहिलेला मी त्या दिवशी 'बोलून बघतो' असे म्हणालो आणि फार हळू आवाजात बोललो. त्याची टोचणी अजून आहे. मावशीने काठवट डोक्यावर घेतली. "असू द्या, मास्तर," ती म्हणाली. "तांदूळ काय आमाला सुटला न्हाई." तिच्याइतकी चांगली केमिस्ट मला पुढे भेटली नाही, आणि हे मी केमिस्टांच्या एका परिषदेत उभे राहून सांगितले आहे. सभेच्या वृत्तांतात ते छापलेले नाही.

त्याच महिन्यात लष्कराच्या एका भांडारातून आमची रिकामी पिंपे परत आली. पातळ काचेचा आणखी एक उपयोग आहे. दहापट पाणी घालून तिच्यात अंडी बुडवून ठेवली, तर कवचाची छिद्रे बंद होतात आणि अंडी महिनोन्‌महिने टिकतात. पिंपांवर खडूने एका अधिकारी-भोजनगृहाचे नाव लिहिलेले होते. एका पिंपाच्या तळाला सहा अंडी राहिली होती. गेनूभाऊंनी एक फोडून पाहिले. चांगले निघाले.